उंबऱ्याबाहेरून शिकवलेल्या शेवया

सोनूबाई माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही दोघं भाऊ. थोरला रखमाजी आणि धाकटा मी, पुंजाराम. आमचं गाव जालन्याहून अंबडला जाणाऱ्या रस्त्यापासून आत पाऊण कोस. दादा विहिरी खोदायच्या कामावर जायचा. मी जालन्याच्या एका प्रेसात कापसाच्या गाठी बांधायला लागलो आणि तेच काम एकतीस वर्षं केलं. आता हात थांबले आहेत म्हणून हे लिहितो. वैनीएवढं नेमकं काम करणारं माणूस मी प्रेसातही पाहिलं नाही.

वैनी शेवया करायची, पाटावरच्या. शेवया सगळ्याच घरी होतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बारीक शेवई पुष्कळ बायकांना काढता येते. पण दिवसभर तशीच काढत राहणं वेगळं. तीन-चार तासांनी मनगट भरून येतं, तळहात तापतो आणि शेवई जाड व्हायला लागते. वैनीची होत नसे. तिची सकाळची लड, म्हणजे काठीवर वाळत टाकायची शेवयांची जुडी, आणि दिवस मावळतानाची लड शेजारी ठेवली तर कोणती कधीची ते सांगता यायचं नाही.

सन चौतीसमध्ये दादा गेला. अंबडच्या पलीकडे एका विहिरीत सुरुंग लावला होता. तो उडाला नाही म्हणून दादा खाली उतरला. मग उडाला.

वैनी तेव्हा पंचविशीची असेल. त्यांची उषा चार वर्षांची. वैनी दोन दिवस एका जागी बसून होती. तिसऱ्या दिवशी उठली आणि जात्यावर बसली. त्यानंतर ती रडली असेल तर मी पाहिलेलं नाही. काही विचारलं तर उत्तर द्यायची. न विचारता बोलायची नाही. कालवणात मीठ पडलं नाही तरी तिला कळत नसे, ती तसंच जेवून उठायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, बाईचा दगड झाला. मला तसं वाटलं नाही. पायाला मुंग्या आलेलं माणूस जसं खाली बघून पाऊल टाकतं, तशी ती सगळी कामं करायची.

आमच्याकडे मुलीच्या लग्नाआधी वळवट करतात. शेवया, बोटवे, नखुले, सगळं हातानं वळायचं, वाळवायचं आणि दुरड्यांत भरून नवरीबरोबर धाडायचं. पाच सवाष्णी पाटाला हळदकुंकू लावतात आणि पहिली शेवई काढतात. विधवेनं त्या कणकेला हात लावायचा नाही. हे कुणी ठरवलं ते मला माहीत नाही. दादा गेल्यावर गावातल्या कुठल्याही लग्नघरातून वैनीला बोलावणं आलं नाही. तिनं पाट धुतला, वाळवला आणि मला छताच्या लाकडांना बांधून ठेवायला सांगितला. मी बांधला.

तो खाली उतरवला रहिमाबीनं. रहिमाबी म्हणजे निजामोद्दीन पिंजाऱ्याची बायको, आमच्या मागच्या गल्लीतली. होळी झाल्यावर ती डोक्यावर गव्हाचं टोपलं घेऊन आली.

"सोनूबाई, ईदीच्या शेवया करून द्या."

"म्या करीत न्हाई आता."

"का बरं?"

"तुमाला ठाऊक न्हाई का?"

"ठाऊक हाये. ते तुमच्या लग्नाचं. माझ्या घरी लग्न न्हाई, ईद हाये. आमची सास बेवा हाये, दरसाल तीच करती. पण तिच्या शेवया म्हंजी चऱ्हाट. मागल्या ईदीला खुर्शीदचा दात हालला."

खुर्शीद तिचा मुलगा. वैनी हसली नाही. थोडा वेळ छताकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "भावजी, पाट काढा."

त्यानंतर दर उन्हाळ्यात रहिमाबीचे गहू यायचे. रमजान पावसाळ्यात येवो की थंडीत, शेवया उन्हाळ्यातच कराव्या लागतात, कडक ऊन लागतं. वैनीचा हात त्यामुळे राहिला. दहा वर्षं तिच्या शेवया एकाच घरी गेल्या.

सन चव्वेचाळीसमध्ये उषाचं लग्न ठरलं. उषा चौदाची होती. तेव्हा तसंच व्हायचं. मुलगा वाटूरचा, बद्रीनाथ. बघायला त्याची आई साळूबाई आली होती. तिनं उषाला चालायला लावलं, भाकरी थापायला लावली, मग पाणी पिऊन म्हणाली, "पोरगी बराबर हाये. आमचं मागणं एकच. वळवट घरचं पायजे. रखमाजीच्या लग्नाला म्या या गावात आल्ते. सोनूबाईनं माहेरून आणलेल्या शेवया खाल्ल्या होत्या. अजून तशा खाल्ल्या न्हाईत."

मग ती थांबली. वैनी दाराआड उभी होती. तिचं कपाळ साळूबाईला दिसत होतं.

"आता तुमच्या घरात सवाष्ण कोण?" तिनं विचारलं.

"म्या हाये की," माझी बायको नंदा म्हणाली. "करीन म्या. त्यात काय एवढं."

नंदा गोदाकाठच्या गावची. तिच्या माहेरी लग्नाला बोटवे करत, शेवया कधी कुणी पाटावर काढल्या नव्हत्या. पाहुणे रस्त्याला लागले तशी ती खाली बसली.

"आक्का, म्या कशाला बोलले?"

"आता बोललीस," वैनी म्हणाली. "शीक."

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नवी नवरी माहेरच्या शेवया शिजवून सगळ्या घराला वाढते. उषाला त्या आईच्या हातच्या न्यायच्या होत्या. बाकी तिनं काही मागितलं नाही. पातळ कोणतं घेतलं तेही तिनं विचारलं नाही. ही एकच गोष्ट ती पुन्हा पुन्हा म्हणायची.

"माय, तू कर ना. घरातल्या घरात कोण बघतंय?"

"म्या बघती ना," वैनी म्हणाली.

त्या साली लढाई चालू होती. सरकारनं लेव्हीत धान्य नेलं होतं. शेवयांना बन्सी गहूच लागतो, दुसऱ्या गव्हाला तार येत नाही. बन्सी आमच्याकडे सहा पायल्या उरला होता. वैनीनं तो दोन ढिगांत केला. दोन पायल्या शिकायला, चार वळवटाला. "दोन पायल्यांत आलं पायजे," ती नंदाला म्हणाली. "चारातला दाणा शिकायला मिळायचा न्हाई."

प्रेसाचा हंगाम फाल्गुनात संपला होता, त्यामुळे मी घरी होतो. कणीक तिंबायचं काम वैनीनं मला दिलं. गहू ओलवून, दळून, कपड्यानं गाळून घ्यायचे. मिठाच्या पाण्यात भिजवायचं. ओल्या फडक्याखाली ठेवायचं. मग उखळात घालून मुसळानं कुटायचं, तेलाचा हात लावत, कणकेला तार येईपर्यंत. मला वाटलं, माझ्या दंडापुढं हे काय. दोनशे घाव झाल्यावर मी थांबलो.

"थांबला का?" बाहेरून वैनीनं विचारलं.

ती उंबऱ्याबाहेर ओसरीवर बसली होती. शिकायच्या कणकेला तिचा हात चालला असता, ती लग्नाची नव्हती. तरी ती पहिल्या दिवसापासून बाहेर बसली. नंदा म्हणाली, "आक्का, आज तरी आत या." त्यावर ती म्हणाली, "आज आत बसले तर त्या दिशी हात आपोआप जाईल. हाताला सवय नको."

"दोनशे झाले," मी सांगितलं.

"मोजू नका. ऐका. आता पचपच वाजतंय. ते बंद झालं पायजे."

मी पुन्हा कुटायला लागलो. गल्लीतल्या बायका दारातून बघून गेल्या. एक म्हणाली, "पुंजाराम भावजी, ही कापसाची गाठ न्हाई, कणीक हाये." मला धाप लागली होती. साडेचारशेच्या पुढे केव्हातरी आवाज बदलला. ओला आवाज जाऊन बसका आला, मुसळ चिकटून वर यायला लागलं.

"बास," वैनी बाहेरून म्हणाली. तिनं उखळात पाहिलंही नव्हतं.

पाट म्हणजे लांब फळी. दादानं सागाच्या लाकडाची केली होती. एक टोक उंचावर, एक जमिनीला. वरच्या टोकाला बसायचं, कणकेचा गोळा पाटावर ठेवून तळहातानं पुढे घासायचा. तळहाताखालून शेवई निघते आणि पाटावरून खाली उतरते. खाली दुसरीनं ती झेलायची, बोटांवर घेऊन लड करायची आणि काठीवर टाकायची. झेलायला उषा होती. लग्नाच्या वळवटाला वैनीचा पाट चालेल का, असा प्रश्न नंदानं काढला होता. वैनी म्हणाली, "ते लाकूड हाये. त्याला कोण नवरा न्हाई."

पहिल्या दिवशी नंदाची एकही शेवई पाटाच्या खालच्या टोकापर्यंत पोचली नाही. मध्येच तुटायची. दुसऱ्या दिवशी पोचली, पण करंगळीएवढी. नंदा बघत बसली आणि म्हणाली, "ह्या वाटूरला न्हेऊ आन् बैल बांधू."

"घासती कशानं?" वैनीनं विचारलं.

"हातानं."

"हाताच्या कशानं?"

"बोटांनी."

"बोटं वर. टाचंनं घास. हाताच्या टाचंनं. आन् जोर खाली लावू नको, पुढं लाव."

ओसरीवर वैनीजवळ एक छोटी फळी होती आणि शिकायच्या कणकेतला एक गोळा. त्यावर ती करून दाखवायची. एकदा, फक्त एकदा. मग हात पुसायची. ते पाहून नंदा पुन्हा करायची. वैनी दुसऱ्यांदा दाखवत नसे. म्हणायची, "दोनदा बघितलं की हात आळशी व्हतो." आठ दिवसांत दोन पायल्या संपल्या. नंदाच्या तळहाताला दोन फोड आले, फुटले आणि तिथं कातडी घट्ट झाली. आठव्या दिवशी तिची शेवई सुतळीच्या एका धाग्याएवढी आली. वैनीच्या मानानं ती जाडच. पण न तुटता येत होती.

"चालंल," वैनी म्हणाली. तिच्या तोंडून तेवढंच निघालं.

नवव्या दिवशी गल्लीतल्या चार सवाष्णी आल्या, पाचवी नंदा. पाटाला हळदकुंकू लागलं. मी सकाळपासून कुटत होतो. वैनीनं आवाज ऐकून थांबवलं. पण दुपारी ऊन चढलं, आतली कणीक सुकायला लागली आणि शेवया तुटायला लागल्या. आवाजावरून ते कळत नाही. त्याला बोटच लागतं.

"भावजी," वैनी म्हणाली, "चिमूटभर इकडं टाका."

मी कणकेची चिमूट तोडली आणि उंबऱ्यावरून तिच्या तळहातावर टाकली. तिनं अंगठा आणि बोटात चोळली.

"दोन बोटं पाणी. वरून शिंपडा, ओतू नका. आन् फडकं झाका."

तिनं हात लावलेली चिमूट परत आत यायची नाही. ती गुडघ्याजवळ ओल्या फडक्यात ठेवायची. थोड्या वेळानं पुन्हा, "टाका." कधी पाणी, कधी तेल, कधी नुसतं झाकून ठेवा. दिवसभरात दहा-बारा चिमटी व्हायच्या. दिवस कलला की फडक्यात आवळ्याएवढा गोळा जमलेला असायचा. गहू फेकायचा नव्हता. बायका घरी गेल्यावर वैनी आपल्या छोट्या फळीवर तेवढ्याच्या शेवया काढायची आणि ओसरीतल्या आपल्या काठीवर टाकायची. पाच दिवस वळवट चाललं. पाचव्या दिवशी तिच्या काठीवर एक पूर्ण लड झाली. ती केसासारखी होती. उन्हात तिच्यातून पलीकडचं दिसायचं.

उषा येता-जाता त्या काठीपाशी थांबायची. हात लावायची नाही.

लग्नाला वाटूरला निघायचं होतं त्याच्या आदल्या सकाळी दुरड्या भरल्या. नंदा पाण्याला गेली होती. मी दोऱ्या वळत बसलो होतो. वैनी झाडून घेत ओसरीच्या टोकाला आली आणि थांबली. काठी रिकामी होती.

"उषे, माझी लड कुठं गेली?"

उषानं दुरडीवरचं फडकं नीट केलं.

"दुरडीत घातलीस?"

"व्हय."

"काढ."

"न्हाई काढत. लग्नाच्याच कणकेची हाये ती."

"हात माझा लागलाय तिला."

"म्हणून तर घातली," उषा म्हणाली.

वैनीचा आवाज चढला नाही. ती हातातला झाडू धरून तशीच उभी होती. दुरडीला हळदकुंकू लावलेलं होतं, तिला ती शिवता येत नव्हती. दुरडी उंबऱ्याच्या आत होती, वैनी बाहेर होती. मध्ये मी.

"भावजी, तुमी काढा. उद्या पोरीच्या संसारात काय वाकडं झालं तर कुणाच्या नावावर जाईल?"

ते कुणाच्या नावावर जाईल हे तिघांनाही माहीत होतं.

मी उठलो आणि दुरडीवरचं फडकं बाजूला केलं. वरच्या थरात सहा लडी होत्या. पाच नंदाच्या. सहावी कुणालाही ओळखू आली असती. उषा माझ्याकडे बघत होती. मी एक लड उचलली, फडकं पुन्हा झाकलं आणि लड उंबऱ्याबाहेर वैनीच्या हातात दिली.

हात चुकला, असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणावं. तोवर मी दहा हंगाम गाठी बांधल्या होत्या, आणि गाठीचा पट्टा चुकला तर माणसाचं बोट जातं. माझी दहाही बोटं आहेत.

वैनीनं लडीतली एक शेवई अंगठा आणि बोटात चोळली. चिमूट चोळायची तशीच. तिला दुरडीत डोकवायची गरज नव्हती. शेवई जाड होती.

"बराबर?" मी विचारलं.

तिनं उषाकडे पाहिलं. मग दुरडीकडे.

"बराबर," ती म्हणाली. "नीट झाका. मुंग्या लागतील."

त्या दुपारी तिनं ती लड दुधात गूळ घालून शिजवली आणि आम्हाला वाढली. नंदानं एक घास घेतला आणि म्हणाली, "ह्या तर माझ्या दिसतात. मोठाल्या हायेत."

"शिकशील," वैनी म्हणाली.

लग्न झालं. वैनी मांडवाच्या मागे, चुलीपाशी होती. तिथून जेवढं दिसलं तेवढं तिनं पाहिलं. आम्ही परत आलो. मला वाटलं होतं, पोर गेल्यावर ती पुन्हा दोन दिवस एका जागी बसेल. ती दुसऱ्या दिवशी रहिमाबीच्या गव्हाला बसली. फक्त एक गोष्ट नवी झाली. वाटूरकडून कुणी आलं, गुरांच्या बाजाराला आलेलं असो की पाहुणा, तर ती हातातलं काम थांबवायची. जात्यावर असली तर जातं थांबायचं. समोरचं माणूस वाटूरचं सगळं बरं आहे असं म्हणेपर्यंत खुंट्यावरचा हात हलायचा नाही. मग पुन्हा जातं सुरू. मी ते तीन महिने पाहिलं. मला त्याबद्दल बोलता आलं नाही. ती लड दुरडीत मीच राहू दिली होती.

नागपंचमीला उषा आली. पुढे ती, मागे गाठोडं घेऊन बद्रीनाथ. वैनी ओसरीवर ज्वारी पाखडत होती. तिनं आधी जावयाकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, एखाद्या वस्तूला चीर गेली आहे का बघावं तसं. तो धडधाकट होता. (पुढेही राहिला. पंच्याहत्तरीला गेला.) मी त्याला हातपाय धुवायला आडावर नेलं. परत आलो तेव्हा मायलेकी ओसरीवरच होत्या. सूप बाजूला ठेवलेलं होतं.

"शिजताना तुटल्या का?" वैनी विचारत होती.

"कोणत्या?"

"तुला ठाऊक हाये."

उषानं माझ्याकडे पाहिलं. मी खांबाला टेकून उभा राहिलो.

"एक बी न्हाई तुटली," ती म्हणाली. "त्या वेगळ्याच काढल्या म्या. सासूबाईंना वाढल्या, यांना वाढल्या. दोन घास म्या खाल्ले. सासूबाई म्हणल्या, तुझ्या काकूचा हात चांगला हाये."

आतून नंदा म्हणाली, "हाये म्हंजी? हायेच." तिला काहीच माहीत नव्हतं. पुढं तीस वर्षं वाटूरमध्ये तिचं नाव होतं आणि ते तिनं खुशाल घेतलं.

"पाणी उकळल्यावर टाकल्या का आधीच?"

"उकळल्यावर."

"किती वेळ ठेवल्या?"

"तू सांगितल्ता तेवढाच."

"मंग ठीक," वैनी म्हणाली आणि उठली.

ती आत चुलीपाशी गेली. कालवण उकळत होतं. पळीतून तळहातावर दोन थेंब घेतले, चाखले आणि डब्यातलं मीठ घेऊन वरून टाकलं.